दिवसपाळीचं घुबड : मेळघाटातले चार दिवस

डिसेंबरात चार दिवस सुट्टी टाकून मेळघाटात घुबड बघायला चाललेय असं घरी सांगितलं तेव्हा आईने एकच प्रश्न विचारला, "पैसे देऊन?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबा मात्र पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, मी येतो.

बाबा यायला तयार झाले त्याचं कारण आमच्या बिल्डिंगची गच्ची. पाण्याच्या टाकीखालच्या खोबणीत गव्हाणी घुबडाची जोडी राहते, पांढऱ्या बदामी तोंडाची, रात्री फस्स्स करून कुकरच्या शिट्टीसारखा आवाज काढणारी. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांना हाकलायचा विषय निघाला होता (अपशकुन, घाण, लहान मुलं घाबरतात वगैरे), तेव्हा मी टाकीखाली पडलेले काळे चकचकीत गोळे गोळा करून आणले आणि बाबांसमोर पेपरवर एक कोमट पाण्यात भिजवून फोडला. घुबड उंदीर शक्यतो अख्खाच गिळतं, मांस पचतं, आणि केस न् हाडं यांचा गोळा करून काही तासांनी तोंडावाटे बाहेर टाकतं, त्याला पेलेट म्हणतात. तर त्या एका गोळ्यात तीन कवट्या निघाल्या. पुढचे दात नारिंगी. बाबांनी चष्मा लावून टूथपिकने एकेक बरगडी वेगळी केली, ओळीने मांडली, आणि मग म्हणाले, अंधारात तीन? लाईट नाही काही नाही?

मग मी त्यांना सांगितलं की गव्हाणी डोळ्यांपेक्षा कानाने शिकार करतं, त्याचे दोन कान एका पातळीत नसतात, एक जरा वर एक जरा खाली, म्हणून उंदराची खसपस दोन्ही कानांत किंचित वेगळी पोचते आणि त्या फरकावरून त्याला जागा कळते, आणि ते बदामी तोंड म्हणजे आवाज गोळा करायची परातच आहे. पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात, मागच्या कडेला झालर, त्यामुळे उडताना हवा फडफडत नाही, उंदराला काही ऐकू येत नाही आणि घुबडाला स्वतःच्या पंखांच्या आवाजामुळे उंदीर ऐकू यायचा थांबत नाही. हे दुसरं जास्त महत्त्वाचं असावं असं माझं मत आहे. बाबा 31 वर्षं एसटीत ड्रायव्हर होते, त्यापैकी बरीचशी रातराणीवर. ते म्हणाले, म्हणजे आपल्यासारखंच, नाईट ड्युटी.

तेव्हा मी म्हटलं, बाबा, एक घुबड असं पण आहे जे डे शिफ्ट करतं. आणि ते जवळजवळ फक्त आपल्याकडे आहे, सातपुड्यात आणि आजूबाजूला.

दिवस पहिला : बडनेरा ते सेमाडोह

पुण्याहून रात्रीची गाडी, सकाळी बडनेऱ्याला उतरलो. थंडी कडक. अमरावतीत गिला वडा खाल्ला, म्हणजे दह्यात बुडवलेला वडा आणि वर झणझणीत चटणी, सकाळी सकाळी तो खाल्ला की माणूस आपोआप जागा होतो. तिथून गाडी केलेली होती. बाबा पुढच्या सीटवर बसले आणि परतवाडा सोडून घाट लागला तसा त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबायला लागला. ड्रायव्हर पोरगा चांगला होता, पण दर वळणाला बाबांच्या तोंडून "हं" असा एक आवाज यायचा त्यातच सगळं यायचं. एकदा न राहवून म्हणालेच, अरे क्लचवरून पाय काढ, जळतोय तो.

रस्त्याच्या दोन्ही बाजूला साग. डिसेंबरात सागाची पानं पिवळी-तपकिरी होऊन भाजलेल्या पापडासारखी वाजत असतात. मधे ऐन, धावडा, तिवस, आणि सालईची ती कागदासारखी साल सुटणारी खोडं. मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ, तो घाट संपला की दुसरा, दरीत सिपना नाहीतर खापरा नाहीतर आणखी कुठली तरी नदी, सगळ्यांचं पाणी शेवटी तापीला. 1973 साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत हे एक. वाघ बघायला मात्र इथे फार कोणी येत नाही, जंगल दाट आणि डोंगराळ आहे, वाघ दिसत नाही, म्हणून गर्दीही नाही. मला तेच बरं वाटलं.

सेमाडोहला पोचेपर्यंत दुपार झाली. राहायची जागा ठीक होती, गरम पाणी बादलीने येतं आणि बादली नऊच्या आत मागायची, एवढा एक नियम तिथे सर्वात कडक.

संध्याकाळी चहाच्या टपरीसमोर विजेच्या खांबावर दिवा लागला आणि पाचव्या मिनिटाला तारेवर एक ठेंगणं काहीतरी येऊन बसलं. ठिपकेवाला पिंगळा. हा सगळ्यांच्या ओळखीचा, गावात, शहरात, आंब्याच्या ढोलीत कुठेही असतो, टाळकंभर पांढरे ठिपके, पांढऱ्या भुवया, आणि बघणाऱ्याकडे बघून खालीवर मान हलवत बैठका मारल्यासारखं करतो. दिव्यावर पतंग जमले होते, तो तारेवरून सुटायचा, एक उचलायचा, परत तारेवर. पायात धरून खायचा, भेळेचा कागद धरल्यासारखा. टपरीवाल्याने सांगितलं, रोज येतो, लाईट गेली की येत नाही.

बाबांना पिंगळा म्हटलं की वेगळंच आठवतं. त्यांच्या लहानपणी गावात पहाटे कंदील घेऊन कुडमुडं वाजवत पिंगळा यायचा, भिक्षा मागायचा आणि भविष्य सांगायचा, त्याला पिंगळ्याची भाषा कळते असं लोक मानायचे. बाबांच्या आईला त्याने सांगितलं होतं म्हणे, पोरगा चाकावर पोट भरेल. आता हे आजीने नंतर जुळवलं की खरंच सांगितलं होतं ते देव जाणे.

रात्री साडेअकराला बाबांनी मला हलवून उठवलं. "ऐक. पोरगं रडतंय कोणाचं तरी." खरंच तसाच आवाज होता, एक लांब, थरथरत खाली येणारा, हसणं की रडणं कळू नये असा, चुहुऽऽआआऽऽ करून. दुसऱ्या बाजूने त्याला उत्तर आलं. मॉटल्ड वूड आऊल. मराठीत वनघुबड म्हणतात. दिवसभर खोडाला चिकटून बसलं तर पाच फुटांवरून दिसत नाही, पिसांवरची नक्षी हुबेहूब सालीसारखी. मी रेकॉर्ड करायला मोबाईल शोधेपर्यंत गप्प झालं. बाबा म्हणाले, या आवाजाला भ्यायचं नाही तर कशाला भ्यायचं, लोकांचं काय चुकलं. आणि मग अंधारात त्यांनी आजीची ती गोष्ट सांगितली, घुबडाला दगड मारायचा नाही, ते दगड उचलून पाण्यात नेऊन टाकतं आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजत जातो. मला वाटतं ही एकमेव अंधश्रद्धा असेल जिच्यामुळे घुबडाचा फायदा झाला. बाकीच्या सगळ्या त्याच्या मुळावर आलेल्या, दिवाळीच्या सुमारास तर अजूनही तांत्रिकांसाठी घुबडं पकडतात, विकतात. 1972 च्या कायद्याने गुन्हा आहे. लक्ष्मीचं वाहन म्हणायचं आणि लक्ष्मीपूजनालाच बळी द्यायचा.

दिवस दुसरा : पाच तास, शून्य

सकाळी साडेसहाला गाईडभाऊ आले. कोरकू आदिवासी, चाळिशीचे, डोक्याला मफलर, पायात साध्या चपला. परवानगीचे कागद, फी वगैरे त्यांनीच बघितलं. जंगलाच्या गाभ्यात पायी फिरता येत नाही, ठरलेल्या वाटेवर गाईडसोबतच जायचं. मी आधीच विचारून ठेवलं होतं की पक्ष्याचा आवाज मोबाईलवर वाजवून बोलवतात तसं काही करणार का, तर म्हणाले, "नाही ताई. तो आपलं काम सोडून येते, भांडाले. बायको बसली असंन ढोलीत, उपाशी राहीन ना ती." मला माणूस तिथेच आवडला.

आता ज्याच्यासाठी आलो त्याची गोष्ट सांगते, कारण त्या दिवशी सांगण्यासारखं दुसरं काहीच घडलं नाही.

रानपिंगळा. इंग्रजीत फॉरेस्ट आऊलेट. 1872 साली ब्लेविट नावाच्या माणसाला हा पहिल्यांदा मिळाला, आजच्या छत्तीसगडात, आणि 1873 मध्ये त्याचं बारसं केलं अॅलन ह्यूमने. हो तोच, पुढे 1885 ला काँग्रेस स्थापन करणाऱ्यांतला ह्यूम, त्याला पक्ष्यांचं प्रचंड वेड होतं. मग खानदेशात डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने 1880 च्या दशकात काही मिळवले. जगभरच्या म्युझियममध्ये मिळून सात नमुने. आणि 1884 नंतर पक्षी गायब. शंभर वर्षं कोणाला दिसला नाही. सलीम अली आणि रिप्ले यांच्यासारख्यांनी शोधला, मिळाला नाही.

यात एक चोर आहे. मायनर्टझागेन नावाचा ब्रिटिश कर्नल, मोठा पक्षीतज्ज्ञ म्हणून मिरवायचा, त्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि चिठ्ठीवर लिहिलेलं, 1914, मांडवी, गुजरात. म्हणजे हाच सगळ्यात अलीकडचा पुरावा. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी तो नमुना नीट तपासला, आतला कापूस, शिवण, सगळं, आणि निघालं काय, तर साहेबांनी ब्रिटिश म्युझियममधून डेव्हिडसनचाच पक्षी ढापला होता, उसवून परत शिवला होता आणि खोटी चिठ्ठी लावली होती. म्हणजे त्या चिठ्ठीवर विसंबून शोधणारा माणूस चुकीच्या जागी शोधणार. बाईंनी ती चिठ्ठी बाजूला ठेवली, खरे नमुने जिथले होते तिथेच जायचं ठरवलं, आणि 25 नोव्हेंबर 1997 ला सकाळी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला बेन किंग आणि डेव्हिड अॅबटसोबत फिरताना बिनपानांच्या झाडावर तो बसलेला दिसला. 113 वर्षांनी. भर उजेडात! नंतर मेळघाटात सापडला, यावलला, मध्य प्रदेशात, डांगकडे, आणि 2014 मध्ये तर मुंबईच्या पाण्याचं तानसा आहे ना, तिथल्या अभयारण्यातसुद्धा. जास्त जागा सापडल्या म्हणून 2018 ला त्याला अतिसंकटग्रस्तवरून संकटग्रस्त केलं, म्हणजे प्रमोशन म्हणायचं की डिमोशन कळत नाही.

तर अशी गोष्ट डोक्यात घेऊन मी पाच तास मान वर करून प्रत्येक झाडाची प्रत्येक फांदी बघत चालले. दोनदा धाप लागून "तो बघा!" म्हटलं. पहिल्यांदा सागाचं वाळकं पान होतं. दुसऱ्यांदा खरंच घुबड होतं पण जंगली पिंगळा, ज्याच्या डोक्यापासून पोटापर्यंत बारीक आडव्या रेघा असतात, आणि त्याने टूटूटूटू करत वेग वाढवत जाणारा आवाज काढून माझी शंका स्वतःच मिटवली. बाबा एका मोहाखाली दगडावर बसून बिस्किटं खात होते.

परत येताना गाईडभाऊ म्हणाले, "ताई, तुम्ही वर काहून पाहता? खाली पाहा."

मला कळलं नाही. मग त्यांनी उतारावरचा एक तुकडा दाखवला, गवत तुटलेलं, मधे उघडी जमीन, दगड, ऊन पडलेलं. "इथं सापाची मावशी निघते उन्हात. ती जिथं, तिथं तो. दाट झाडीत त्याले काय भेटते?"

सापाची मावशी म्हणजे सापसुरळी. रानपिंगळ्याच्या जेवणात सरडे-सुरळ्यांचा वाटा मोठा, त्याखालोखाल उंदीर, नाकतोडे, कधी छोटा पक्षी. आता सरडा काय रात्री फिरतो? तो थंड रक्ताचा, ऊन खाल्ल्याशिवाय त्याचं इंजिन सुरू होत नाही, आठ-नऊला बाहेर येणार. ज्याचं जेवण उन्हात निघतं त्याने रात्री जागून करायचं काय. डे शिफ्टचं कारण एवढं साधं असेल असं मला पुण्यात बसून वाचताना कधी सुचलं नव्हतं, संशोधनाचे पेपर वाचले होते की मी चार-पाच.

दुपारी झोपलो. रात्री बादली मागायला विसरले.

दिवस तिसरा : आठ वाजून वीस मिनिटं

खूप धुकं. बाबा म्हणाले, मी टपरीवर चहा घेऊन येतो, तुम्ही हळूहळू चला. (हे वाक्य लक्षात ठेवा.)

आज मी खाली बघत होते. जमिनीवर, दगडांवर, आणि बुंध्यांवर चुना सांडल्यासारखी पांढरी शिट आहे का ते. वाटेत गाईडभाऊंनी दोनदा थांबून नुसतं ऐकलं. साधारण आठ वाजता उतारावर ऊन आलं आणि डावीकडे कोतवाल पक्ष्याने कालवा सुरू केला, त्याच्या मागोमाग बुलबुल आले, एक-दोन छोटे पक्षी आले, सगळे एकाच फांदीभोवती शिव्या घालत फिरत होते. दिवसा घुबड दिसलं की बाकीचे पक्षी अशी बोंबाबोंब करतात, की बघा रे, हा इथे बसलाय. म्हणजे फुकटचे खबरी.

फांदीवर तो होता.

पहिलं जाणवलं ते डोकं. अंगाच्या मानाने एवढं मोठं की कोणीतरी दुसऱ्याची टोपी घालून बसल्यासारखं. उंची वीतभर, 23 सेंटीमीटर. टाळकं जवळजवळ कोरं, ठिपके असून नसल्यासारखे. छातीवर दाट तपकिरी पट्टा, बनियनवर हाफ स्वेटर घातल्यासारखा, त्याच्या खाली पोट पांढरं शुभ्र. आणि पाय! पायांवर बोटांपर्यंत गुबगुबीत पांढरी पिसं, म्हणजे थंडीचे मोजे. उन्हाकडे तोंड करून, पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसला होता. कोतवाल डोक्यावरून सूर मारत होता तिकडे ढुंकूनही बघत नव्हता. शेपटी तेवढी मधेच डावीकडे-उजवीकडे झटक्याने हलायची, घड्याळाच्या लंबकासारखी पण बिनतालाची.

मग त्याने डोळे पूर्ण उघडले. पिवळे. घुबडाचे डोळे आपल्यासारखे गोल गोटी नसतात, नळीसारखे लांबट असतात आणि कवटीत घट्ट बसलेले, फिरत नाहीत, म्हणून बघायचं तर अख्खी मान फिरवावी लागते. मानेत 14 मणके, आपल्या दुप्पट, त्यामुळे 270 अंशापर्यंत वळते. याने मान खाली केली, मग थोडी तिरकी, मग पुन्हा सरळ. दोन कोनांतून अंतर मोजत होता. मी त्याच्या नजरेच्या रेषेत बघितलं, काही नाही, नुसता दगड आणि सागाचं पान. तो थांबला. मला वाटतं सहा-सात मिनिटं तो काही म्हणजे काही करत नव्हता. मला दोनदा नाक खाजवावंसं वाटलं, एकदा मोबाईल वाजला खिशात, व्हायब्रेटवर. तो नुसता बसून.

आणि मग पडला. उडाला म्हणवत नाही, फांदीवरून सुटला आणि दगडाजवळ टपकन जमिनीवर आला, पान वाजलं, पंख पसरून क्षणभर तिथेच, आणि परत वर. नखांत सुरळी, चकचकीत, शेपटी अजून वळवळत होती. फांदीवर बसून त्याने चोचीने डोक्याशी एक चावा घेतला, वळवळ थांबली. डोकं त्याने खाल्लं. पुढचं खाल्लं नाही. तसाच एका पायात धरून इकडेतिकडे बघितलं, आणि एक मऊ, दोन तुकड्यांचा, लाडात आल्यासारखा आवाज काढला. वरच्या बाजूच्या झाडांतून बारीक उत्तर आलं.

गाईडभाऊंनी माझी बाही ओढली. "चला मागं." मी म्हटलं एक मिनिट. "चला, ताई." ढोली तिकडे कुठेतरी असणार, मादी आत, हा तिचा डबा घेऊन चाललेला. साधारण ऑक्टोबरपासून पुढे यांची वीण चालते, मादी अंड्यांवर बसली की नर आणून देतो. आम्ही पन्नास-साठ पावलं मागे आलो, तेव्हाच तो उडून गेला, नेमका कुठे ते मला दिसलं नाही आणि गाईडभाऊंना दिसलं असेल तर त्यांनी सांगितलं नाही. ढोलीला जुनं झाड लागतं, फांदी मोडून कुजलेलं, सुतार पक्ष्याने कोरलेलं. असं झाड लाकूडतोड्याच्या आणि वणव्याच्या दोघांच्याही यादीत पहिलं असतं. गाईडभाऊ म्हणाले की लहानपणी त्यांनी गलोलीने पिंगळे मारलेत, कोणता पिंगळा ते तेव्हा कोण बघतं. हे ते लपवून न ठेवता बोलले.

फोटो काढले ना मी. त्रेचाळीस. एकेचाळीस फोटोंत पुढची काडी अत्यंत स्पष्ट, तिचा एकेक कोंब मोजता येतो, आणि मागे तपकिरी-पांढरा धूसर बटाटा. उरलेल्या दोनांत तो नाही.

वळणावर बाबा भेटले, हातात कागदी कपात माझ्यासाठी चहा, निम्मा सांडलेला, उरलेला गार. "दिसला का?" मी मान हलवली. बाबा म्हणाले, "चांगलं झालं. त्या टपरीवाल्याचा भाऊ परतवाड्याच्या डेपोत होता, निघाला ओळखीचा." त्यांना काडीचंही दुःख नव्हतं, मलाच झालं त्यांच्यासाठी. उद्या परत येऊ म्हटलं तर म्हणे कशाला, तू सांगितलंस ना कसा होता.

संध्याकाळी कोलकासला गेलो. तिथलं विश्रामगृह सिपनेच्या वर उंचावर आहे, खाली नदी वळसा घालते, पात्रात मोठे काळे खडक आणि मधे डोह. सूर्य गेल्यावर गार वारा सुटला, मी जॅकेट आणायला गाडीकडे गेले. परत येते तर बाबा कठड्याला टेकून पुतळ्यासारखे उभे, हात मागे करून मला थांब थांब करतायत.

"मांजर बसलंय बघ खडकावर."

मांजर नव्हतं. मत्स्य घुबड, हुमा. जवळपास दोन फूट उंच, दोन्ही बाजूंना कानांसारखे पिसांचे विस्कटलेले झुपके, पाण्याच्या कडेला पाय रोवून. पायांवर पिसं नाहीत, लुंगी वर खोचून पाण्यात उतरलेल्या कोळ्यासारखे उघडे. मासे धरणाऱ्याला ओले मोजे काय कामाचे. तळव्याला खरखरीत काटेरी खवले असतात, बुळबुळीत मासा निसटू नये म्हणून. आणि सकाळी बाबांना सांगायचं राहून गेलेलं एक इथे सांगितलं, की याच्या पंखाला गव्हाणीसारखे ते आवाज मारणारे दाते नाहीत म्हणावे इतके कमी, कारण पाण्याखालच्या माशाला वरच्या पंखांचं काही ऐकू येत नाही, मग सायलेन्सर बसवा कशाला. बाबांना हे फार पटलं. "खर्च वाचवला."

उजेड संपत आला होता. ते खडकावर चार पावलं चाललं, खरंच चाललं, वाकून बघितलं, आणि एकदम पाण्यावरून तिरकं गेलं, पाय खाली सोडून. पाण्यावर एक रेघ उमटली. पंखांची फडफड वरपर्यंत ऐकू आली. पलीकडच्या खडकावर उतरलं तेव्हा पायात काहीतरी होतं, मी म्हटलं मासा, बाबा म्हणाले खेकडा, नांगी दिसली मला. हुमा खेकडेही खातं, त्यामुळे मी वाद घातला नाही, आणि तसंही लांबचं बाबांनाच जास्त दिसतं, इतकी वर्षं रात्री हायवेवर नजर लावून बसलेला माणूस.

अंधारातून नंतर बराच वेळ त्याचा खोल, पोटातून आल्यासारखा हूम हूम ऐकू येत होता. ड्रायव्हर पोरगा दोनदा हॉर्न द्यायला लागला तेव्हा बाबांनी त्याला असा काही आवाज दिला की हॉर्नही बंद आणि पोरगाही.

दिवस चौथा

चिखलदरा. पॉइंट बघितले, धुकं बघितलं, गाविलगड लांबून बघितला, रबडी खाल्ली, ती खरंच छान असते. घुबड एकही नाही. कॉफीची झाडं बघून बाबा म्हणाले चहा बरा.

रात्री बडनेऱ्याला गाडी पाऊण तास लेट. प्लॅटफॉर्मच्या टोकाला दिव्याखाली कठड्यावर पतंगांचे पंख पडलेले, नुसते पंख, अंग नाही. मी वर बघितलं तर पत्र्याच्या कडेला दोन पिवळे डोळे, ठिपकेवाला पिंगळा, आमच्याकडे बघून बैठका मारतोय. बाबांना दाखवायला वळले तर ते बॅगेवर बसून फोनवर होते, नाशिकच्या काकांशी, मोठ्या आवाजात, कारण काकांना कमी ऐकू येतं.

"अरे मांजराएवढं! खेकडा धरला माझ्यासमोर... हो, पाण्यातून... नाही नाही, ते शंभर वर्षांनी सापडलेलं वेगळं, बारकं, ते हिने बघितलं. मी चहाला गेलो होतो."